वडिलांचे कोलेस्टेरॉल

बेंगळुरूत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची कोलेस्टेरॉलविषयीची मूळ धारणा अशी आहे की, हा पदार्थ वडिलांच्या रक्तात असतो. पंचेचाळिशीनंतर तो प्रकट होतो, त्याला घरचे तूप लागते आणि राहण्यासाठी सांगली, बेळगाव अशी सुस्थिर गावे लागतात. जयनगरातल्या पीजीच्या खोलीत, जिथे तीन खाटांच्या मध्ये चप्पल ठेवायलाही जागा नसते, तिथे तो कुठे मावणार, असा या धारणेचा तार्किक आधार आहे.

याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांसाठी तो आवश्यक असतो, त्याचा मोठा भाग यकृत स्वतःच तयार करते, आणि तो रक्तातून वाहून नेणारे एलडीएल, म्हणजे कमी घनतेचे स्निग्धप्रथिन, प्रमाणाबाहेर वाढले की धमन्यांच्या भिंतींत थर साचतात, एवढे वैद्यकीच्या विद्यार्थ्याला झोपेतही सांगता येते. रक्तातील एलडीएल टिपून घेणारे ग्राही पेशींवर असतात, हे दाखवून देणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले, हेही तो सांगतो. लोण्यातील संपृक्त मेदामुळे यकृतातील या ग्राहींचे काम मंदावते, असे स्पष्ट करताना त्याचा हात समोरच्या बशीतील लोण्याकडे जातो, मात्र तो उदाहरण दाखवण्यासाठी जात नाही.

दोष अर्थात शहराचाही आहे. गांधी बाजारातील ‘विद्यार्थी भवन’ १९४३ साली जवळपासच्या शाळांतील मुलांच्या खाण्याची सोय म्हणून सुरू झाले, आणि तेथील वाढपी मनगटापासून खांद्यापर्यंत डोशांच्या बशा रचून येताना पाहिला की लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील निरनिराळ्या स्निग्ध घटकांची मोजणी, ही संकल्पना मनात टिकून राहणे अवघड होते. हे उपाहारगृह शुक्रवारी बंद असते. तेवढाच धमन्यांना साप्ताहिक आराम मिळाला असता, परंतु मल्लेश्वरमच्या सीटीआरमध्ये बेण्णे मसाला डोसा, अर्थात लोण्याचा डोसा, मिळतो, ही माहिती पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यातच सर्वांना झालेली असते. याच डोशाच्या रांगेत उभे राहून विद्यार्थी घरी फोन करतो, “बाबा, एलडीएल एकशे साठ म्हणजे जास्तच आहे, आजपासून तूप बंद. आणि आईला म्हणावं, चकल्या करू नकोस.” त्याचा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष असतो, फक्त पत्ता चुकलेला असतो.

व्यायामशाळेत जाणाऱ्यांचा पंथ निराळा. अंड्याच्या बलकात सुमारे दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, हे कळल्यापासून हा पंथ पांढरा भाग खातो आणि बलक पीजीच्या मांजराला घालतो; त्या मांजराच्या लिपिड प्रोफाइलची चिंता अद्याप कोणी केलेली नाही. स्वयंपाकासाठी तो ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले तेल आणतो. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, वनस्पती तेलात ते नगण्यच असते, त्यामुळे असे छापण्यात कंपनीचा फारसा त्याग नाही; परंतु त्या अक्षरांच्या भरवशावर मध्यरात्री दोन वाजता तळलेली भजी औषधी ठरतात.

वयाचा मुद्दा मात्र शास्त्राने विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतला आहे. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सरासरी बावीस वर्षे वयाच्या त्या तरुणांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या होत्या. बेंगळुरूच्याच जयदेव हृदयरोग संस्थेने चाळिशीच्या आतील हृदयरुग्णांची स्वतंत्र नोंद ठेवली आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा शहरातील रुग्णालयांत तपासणीसाठी एकच गर्दी उसळली; वसतिगृहांत मात्र, ते नियमित व्यायाम करत असत, या एवढ्याच माहितीवरून व्यायाम घातक असल्याचा सिद्धांत मांडला गेला आणि तो सकाळी उशिरा उठणाऱ्यांनी एकमताने स्वीकारला.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करावी असे सुचवले, आणि त्यासाठी उपाशी राहण्याची सक्तीही ठेवली नाही, ज्यामुळे ‘नेमका आज नाश्ता झाला’ ही सबब कायमची निकालात निघाली. त्यातच वाढीव कोलेस्टेरॉलचा एक प्रकार आनुवंशिक असून आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. संभाव्यताशास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळवलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी याचा अर्थ असा लावतो की, दोन भावंडांपैकी एकालाच तो मिळणार, आणि ताई वयाने मोठी असल्यामुळे हा मान तिचा.