शेवाळ देणे आहे

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवायची, तर शेवाळाशी दुटप्पीपणाने वागायला शिकावं लागतं. वरच्या टाकीत मासे आणि प्रवाळ असतात, पाहुणे काचेला नाक लावून उभे राहतात. तिथे शेवाळ दिसलं की खरवडून काढायचं. खालच्या कपाटात पाहुणे डोकावत नाहीत. तिथे तेच शेवाळ पैसे मोजून आणायचं, त्याच्यासाठी दिवा लावायचा, पाणी खेळतं ठेवायचं आणि ते वाढेना झालं की काळजीत पडायचं. या खालच्या मजल्याला रेफ्युजियम म्हणतात. आमचा न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये आहे.

"शेवाळ विकत घेतलंत?" सासूबाईंनी मालवणहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. मी हो म्हणालो. पुढचं त्या मला नाही, मुलीला म्हणाल्या, "त्यांना झोप लागते ना गो नीट?"

मी त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. मासा खातो आणि खाल्लेलं पाण्यातच सोडतो. त्याचा अमोनिया होतो. दगडांवरचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि तिथे आपलं काम संपलं असं समजतात. नायट्रेट पाण्यातच साठत राहतं, सोबतीला फॉस्फेट. या दोघांवर शेवाळ पोसतं, आणि ते वर उगवलं तर प्रवाळावर पसरून त्याचा जीव घेतं. म्हणून त्याला खाली जास्त चांगला उजेड आणि मोकळी जागा द्यायची, म्हणजे वरच्याच्या आधी खालचं शेवाळ जेवून घेतं. वाढलं की मूठभर उपटून फेकायचं. त्याच्याबरोबर नायट्रेटही घराबाहेर.

"म्हणजे खतपाणी घालून वाढवायचं आणि टाकून द्यायचं."

"हो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि आंब्यांकडे वळल्या.

हा वेडेपणा माझ्या एकट्याचा नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियनमध्ये वॉल्टर एडी नावाच्या शास्त्रज्ञाने प्रवाळाच्या टाक्यांचं पाणी शेवाळाकडून स्वच्छ करून घेण्याची पद्धत बसवली, त्याला आता चार दशकं होऊन गेली. अर्थात त्यांच्याकडे संग्रहालयाचा नोकरवर्ग होता. माझ्याकडे मी, आणि मालवणची बायको. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि ते पंपाशिवाय जगतात, हे ती मला अधूनमधून ऐकवते. पुण्याच्या मावसभावाला मात्र माझी टाकी बघून हुरूप आला होता. "एक तुकडा पाठव ना!" दगडी प्रवाळ भारतात 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला, असं मी त्याला कळवलं. त्याने गप्पी पाळले आहेत. सुखात आहे.

शेवाळ कोणतं आणायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मी आणलं ते कीटोमॉर्फा, लाडाने कीटो. दिसायला भांड्याच्या तारेच्या घासणीसारखं, फक्त हिरवं. मूळ नाही, पान नाही, शेंडा-बुडखा काही नाही. पाण्यात गोल गोल फिरत राहतं. याहून देखणा कॉलर्पा असतो, कुणाला पिसांसारखी पानं, कुणाला द्राक्षांचे घोस. पण कॉलर्पाला प्रजननाची लहर आली की अंगात असेल-नसेल ते सगळं एका रात्रीत पाण्यात सोडतो. सकाळी टाकी दुधाळ, कॉलर्पा पांढराफटक होऊन गतप्राण, आणि त्याने महिनोन्महिने खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात हजर.

त्याच्या एका भावाचं चरित्र तर पोलिसांत नोंदवण्यासारखं आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या ऐन पायथ्याशी, भूमध्य समुद्रात वाढताना सापडला. तो पुढे हजारो हेक्टरवर पसरला. 2000 मध्ये तोच कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या एका खाजणात निघाला. कुणीतरी घरची टाकी ओतून दिली असावी, असा सर्वांचा कयास. मग पाणबुड्यांनी त्याच्यावर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडला, आणि सत्तर लाख डॉलरहून जास्त खर्च करून 2006 मध्ये तो संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात राज्याने कॉलर्पाच्या नऊ जातींवर बंदीच घातली. तेव्हापासून कीटोचा तो रूपहीन गोळा मला सज्जन वाटू लागला आहे.

बांधकामात सांगण्यासारखं एकच. वरच्या 75 गॅलनच्या, म्हणजे साधारण 284 लिटरच्या टाकीतून पाणी पाइपाने खाली उतरतं, काचेच्या आडभिंतींमधून रेफ्युजियममध्ये फिरतं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी काही वेळ उतरतच राहतं. इथल्या लोकांना हे वादळात, ओल्या गालिच्यावर अनवाणी उभं राहिल्यावर समजतं. मी भारनियमनात वाढलेला. वीज ही जाण्यासाठीच येते, या श्रद्धेने मी खाली जागा रिकामी ठेवली आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ एक भोक पाडलं, म्हणजे हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. डोंबिवलीच्या संस्कारांचा अमेरिकेत झालेला हा एकमेव ठोस उपयोग.

मग त्यात वस्ती हवी. कोपेपॉड नावाचे मिलिमीटरभरही नसलेले कवचधारी जीव बाटलीत भरून मिळतात. वर मासे त्यांना दिसल्याक्षणी गिळतात. खाली कीटोच्या गुंत्यात कुणी खाणारं नाही, त्यामुळे त्यांचा वंश वाढतो आणि जादा प्रजा पंपातून वर जाते, माशांच्या तोंडी. बाटली उजेडात धरल्यावर आत काहीतरी हलतंय असं मला वाटलं. बायकोला तसं वाटलं नाही. पावती मात्र दोघांनाही स्पष्ट दिसली.

हे सगळं मी मँडरिन माशाच्या आशेवर केलं. निळ्यावर नारिंगी नक्षी, असा मासा दुसरा नाही. पण तो दिवसभर बहुतेक कोपेपॉडच टिपत बसतो. नवशिक्याच्या टाकीतली रसद संपवतो आणि उपाशी मरतो. म्हणून मी दुकानात जातो, त्याला बघतो आणि मीठ घेऊन परत येतो.

पाणी तपासणं हा घरगुती कार्यक्रम आहे. नळीत थेंब घालायचे, पाणी गुलाबी झालं की छापील पट्टीवरच्या छटेशी ताडून नायट्रेट किती ते ठरवायचं. माझ्या मते फिकट गुलाबी, बायकोच्या मते राणी. म्हणजे एक तर सगळं उत्तम आहे किंवा मासे संकटात आहेत. आम्ही मधला आकडा लिहून ठेवतो.

खालचा दिवा रात्री लावायचा असतो. वर अंधार झाला की टाकीतले सगळे नुसता श्वास घेतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच घसरतो. त्याच वेळी खाली शेवाळ उजेडात जागं असलं तर तो शोषून घेतं. शेवाळाला मानवणारा हा दिवा लाल-निळा, म्हणजे एकूण भडक जांभळट गुलाबी. कपाटाचं दार बंद असेतोवर कुणाला त्रास नव्हता.

थंडी आली आणि बायकोचा कढीपत्ता घरात आला. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दरवर्षी त्याची पानं झडतात, आणि त्या काळात तिच्यासमोर आमटीचा विषय काढायचा नसतो. तिने दिवा पाहिला, झाडांसाठीचा आहे हे खोक्यावर वाचलं, स्टूल आणलं, कुंडी ठेवली आणि कपाटाचं दार उघडं टाकलं. शेजारी तुळस आली. पाठोपाठ मिरची.

आता तो उजेड जमिनीलगतच्या खिडकीतून रात्रभर अंगणात सांडू लागला. या राज्यात 2021 पासून मोठ्या माणसांनी गांजा ओढायला कायद्याची हरकत नाही, घरी पिकवायला आहे. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग बेसमेंटच्या हवापाण्याची. मी त्यांना खाली नेलं आणि कीटो दाखवला. त्यांना तो पटला नाही. यासाठी कुणी रात्रभर दिवा जाळत असेल, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. बायकोने कढीपत्त्याचं पान चुरगळून त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि हे ओढतात कसं ते विचारलं.

यंदा कढीपत्त्याचं एकही पान गळलं नाही. मराठी मंडळातली माणसं आता टाकी बघायला म्हणून येतात, वरच्या माशांकडे बघून "छान, छान" म्हणतात आणि कपाटापुढे उकिडवी बसतात. तिच्याकडे रोपांसाठी नंबर लागले आहेत. मी प्रत्येकाला कीटोची पिशवी फुकट देऊ करतो, खारं पाणीही वरून. अजून कुणी नेलेली नाही.