मावळतीकर

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे शेतीसाठी बांधली आहेत, असा पाटबंधारे खात्याचा समज आहे. मावळतीकरांना तो मान्य नाही. त्यांच्या हिशेबी जुन्नर-आंबेगावात एवढे पाणी अडवले ते सूर्यास्ताला आरसा हवा म्हणून. मावळतीकर हे आडनाव नव्हे, ही एक जमात आहे. सुट्टीच्या दिवशी ती पुण्याहून निघते, लेण्याद्रीच्या पावणेतीनशेवर पायऱ्या धापा टाकत चढते, गिरिजात्मज गणपतीचे दर्शन उरकते, माकडांपासून प्रसाद वाचवते आणि पाचच्या सुमाराला कुठल्या तरी धरणाच्या फुगवट्यावर फोन आडवा धरून उभी राहते. सोबत वहिनी असतात. त्यांनी पाण्याकडे तोंड करून ओढणी वाऱ्यावर सोडायची असते. मुलेही असतात, त्यांनी चौकटीबाहेर राहायचे असते. मग मावळतीकर ओरडतात, "लाइट आला!" लाइट तसा सकाळपासून आलेलाच असतो.

या मंडळींवर नेहमीचा आरोप असा, की ती बघत नाहीत, नुसते फोटो काढतात. तो साफ खोटा आहे. शेतकरी सोडला तर आभाळाकडे इतक्या आस्थेने बघणारा माणूस तालुक्यात दुसरा सापडणार नाही. कोणता ढग कधी सरकेल, ऊन पाण्यावर किती तिरपे पडेल, याची मावळतीकरांना खरी काळजी असते. माझी तक्रार वेगळी आहे. बदलता प्रकाश धरायला हा गृहस्थ जे यंत्र आणतो, त्याला मुळात प्रकाशातला बदल मिटवायलाच शिकवलेले आहे. फोन 'ऑटो'वर असला की दृश्य उजळ असो वा काळोखे, तो त्याला ओढून मधल्या उजेडावर आणतो. संध्याकाळचा पिवळेपणा हा त्याला दोष वाटतो, म्हणून पांढरे ते पांढरे दिसावे यासाठी तो रंग धुऊन काढतो. एचडीआर डोंगराची सावली उचलून धरतो. नाइट मोड चारसहा फोटो एकमेकांवर रचून सातची वेळ साडेचारची करून दाखवतो. एवढे झाल्यावर मावळतीकर हिरमुसतात, कारण समोरचे सोने फोटोत उतरलेले नसते. मग गाडीत बसून ते 'वॉर्म' नावाची पट्टी सरकवतात आणि यंत्राने धुतलेला पिवळा रंग हाताने परत फासतात. स्टेटसला जाते ती संध्याकाळ नव्हे, तिची दुसरी आवृत्ती. हीच पट्टी वडजला, हीच डिंभ्याला, म्हणून दोन्हीकडचा सूर्य एकाच गिरणीतून रंगून आल्यासारखा दिसतो.

गंमत अशी, की प्रकाशाचा सगळ्यात सोपा धडा ते त्याच दुपारी लेण्याद्रीला ओलांडून आलेले असतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी कोरलेली ही लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा ऊन तिरपे होऊन आतवर शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा ऊन दाराबाहेरच थांबते. गणपती आहे त्या सातव्या लेण्यात मोठे दालन असून एकही खांब नाही, भोवती वीस खोल्या आहेत, आणि उजेड येतो तो समोरच्या दारा-खिडक्यांतून. दाराशी लख्ख, मध्ये मऊ, खोलीत अंधार. प्रकाश बदलतो कसा ते बघायला याहून चांगली जागा नाही. मावळतीकर आत येतात, फोनकडे बघतात, "बॅकलाइट आहे" म्हणतात आणि वळून खालच्या कुकडीच्या खोऱ्याचा पॅनोरामा काढतात.

यावर जाणकार म्हणतील, की फोटोत हात घालणे ही काही फोनवाल्यांची नवी खोड नव्हे. खरे आहे. काळ्या खोलीत कागदाचा एक भाग झाकून दुसरा भाजायची कला फिल्मच्या काळातच पिकली होती. पण ते कारागीर समोर दिसलेला फरक कागदावर टिकावा म्हणून खपत. इथे आधी तो घालवला जातो आणि मग भलताच आणून बसवला जातो. दुसरे म्हणतील, एकाच दृश्यामागे वेडे होणे चित्रकार मोनेला शोभले, मग मावळतीकरांनी काय घोडे मारले? मोनेने १८९२ आणि १८९३ साली रूआँच्या कॅथेड्रलची तीसहून अधिक चित्रे रंगवली. पण इमारत तीच ठेवून, उजेड पालटला की तो समोरचा कॅनव्हास पालटे. आपले गृहस्थ धरण पालटतात आणि उजेड तोच ठेवतात. शिवाय 'सोनेरी तास' हा हिशेब थंड देशांतला. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की तो सुरू झाला असे धरले, तर आपल्या अक्षांशावर पंचवीस-तीस मिनिटांत खेळ आटोपतो. त्यातही हडसर-चावंडच्या पायथ्याला माणिकडोहच्या पाण्यावर डोंगर आधीच आडवा येतो. सूर्य बुडाल्यावरच्या 'निळ्या तासा'साठी थांबणाऱ्यांना गावकरी हटकतात, कारण उसाच्या बांधावर ती बिबट्याची वेळ असते. हा एक सल्ला मात्र मावळतीकर तात्काळ मानतात.

त्यांचे खरे अडते ते पाण्यापाशी. सूर्यास्ताची वेळ त्यांना मिनिटावर पाठ असते, कालव्याला पाण्याचे आवर्तन कधी सुटणार हे ठाऊक नसते. येडगावातून डाव्या कालव्याने पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे निघते, तेव्हा त्यांच्या आरशाचा काठ मागे सरकतो आणि पुढ्यात उरतो भेगाळलेला गाळ, मोटारींचे पाइप, विजेच्या तारा आणि कुणाची तरी गाळपेर. मावळतीकर बोटाने हे एकेक पुसतात. तार गेली, पाइप गेला, बाई गेली, म्हैस गेली. पुसलेले नेमके तेवढेच त्या फोटोत खरे होते. आकाश कुठलेही असू शकते. पण कोणत्या महिन्यात पाणी कुठल्या खडकापर्यंत होते आणि पाइप किती आत न्यावा लागला, हे फक्त त्याच काठावर, त्याच दिवशी दिसते. ही निरुपद्रवी हौस आहे, तिला कशाला ताणता, असे कुणी म्हणेल. हौस निरुपद्रवी आहे हे कबूल, तिला फुकट घालवू नये एवढेच म्हणणे आहे. घोड नदीकाठचे आंबेगाव डिंभ्याच्या पाण्यात गेले, तालुक्याला नाव तेवढे उरले. त्या गावच्या काठाचा एखादा ओबडधोबड, तारांसकट फोटो आज मिळाला, तर सुंदर सूर्यास्तांचा अख्खा अल्बम त्यापुढे फिका पडेल.

तेव्हा आपल्या घरात, सोसायटीत किंवा थेट आरशात कुणी मावळतीकर भेटले, तर त्यांना अडवू नका. जाऊ द्या, लाइट येऊ द्या, ओढणीही उडू द्या. फक्त निघण्याआधी आवर्तनाची चौकशी करायला सांगा, आणि तो मोटारीचा पाइप पुसू नका म्हणावं.