गिरगाव ते गुरगाव, व्हाया लोअर परळ

चर्नी रोडहून लोअर परळ म्हणजे धीम्या लोकलने पाव तास. मधे ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी. बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते. आमच्या कॅमेऱ्याला तेवढं अंतर जाऊन यायला सेहेचाळीस दिवस लागले आणि वाटेत तो हरियाणाही पाहून आला. आमच्या घरात एकट्याने इतक्या लांब कोणी गेलेलं नाही. तेव्हा हे प्रवासवर्णन त्याचं. मी आपला स्टेशनवर पोचवायला गेलेला.

कॅमेरा २००८ सालचा. चंदेरी, खिशात मावणारा, ९,९९० रुपयांना घेतलेला. फोनने कॅमेरे खाऊन टाकले तेव्हापासून तो मोज्यांच्या खणात पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत लेकीच्या हाती लागला आणि ती अशी किंचाळली की मला वाटलं, पाल निघाली. "बाबा, डिजिकॅम!" हल्लीच्या पोरांना म्हणे फोनचे फोटो फारच स्वच्छ वाटतात. त्यांना जरा धुरकट, तोंडावर फ्लॅश मारलेले, घामट चेहऱ्यांचे फोटो हवेत. म्हणजे २००८ साली आम्ही जे बिघडले म्हणून पुसून टाकले, नेमके ते. मावसबहिणीच्या लग्नात तिला असले फोटो काढायचे होते.

चार्ज करून बटण दाबलं. लेन्स अर्धी बाहेर आली, कर्रर्र करून थांबली आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'लेन्स एरर'. पुढे ती ना आत जाई, ना बाहेर येई. 'बरं, निघतो' म्हणून उंबऱ्यावर तासभर उभे राहणारे पाहुणे असतात, तशी.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं. बारा मिनिटं सनई ऐकली. मग हिंदीत एक मुलगा आला.

"सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"गिरगाव."

"जी सर, गुड़गांव में कौन सा सेक्टर?"

"सेक्टर नहीं है भाई, फणसवाडी है."

"फनस... सर, स्पेलिंग?"

"पी फॉर पनवेल," मी सुरुवात केली. त्याने पनवेल लिहून घेतलं.

आता यात दोष नक्की कुणाचा? आमचं गाव मराठीत गिरगाव, इंग्रजीत गिरगाम आणि पोस्टाच्या लेखी मुंबई ४. पूर्वी पाकिटावर चाळीचं नाव आणि 'मुंबई ४' एवढं लिहिलं की पोस्टमन बिनचूक आमच्या गॅलरीत येऊन उभा राहायचा. हरियाणा सरकारने २०१६ साली त्या दुसऱ्या गावाचं नाव बदलून गुरुग्राम केलं, हा खरं म्हणजे गिरगावकरांवर केवढा उपकार! पण हेल्पलाइनला ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी नव्या भुयारी मेट्रोने सीएसएमटीला निघालो होतो. फोन वाजला. "सर, पिकअप के लिए आया हूँ. आपके गेट पे खड़ा हूँ." आमच्या चाळीला गेट नाही. जिना आहे, आणि जिन्यात मांजर. "कोणत्या गेटवर?" असं विचारेपर्यंत काळबादेवी आलं आणि रेंज गेली. जमिनीवर आलो तेव्हा मेसेज येऊन पडला होता : ग्राहक दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही. अठ्ठावन्न वर्षं मी त्याच पत्त्यावर आढळतो आहे. मतदार यादीतसुद्धा आढळतो.

शेवटी म्हटलं, आपणच जाऊ. सर्व्हिस सेंटर लोअर परळला, एका काचेच्या टॉवरमध्ये. या टॉवरच्या जागी पूर्वी कापडगिरणी होती. तिचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. भोंग्यावर गिरणगाव उठायचं तेव्हा आत जायला बिल्ला पुरे असे. आता खाली सिक्युरिटीने माझं नाव, नंबर, कुठून आलात, कुणाला भेटायचं, हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "फोटो काढतो, कॅमेऱ्यात बघा." कॅमेरा बंद होता. "चालत नाही," तो म्हणाला. मी माझा पुढे केला. "हाही चालत नाही." दोघं थोडा वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिलो. संपूर्ण प्रवासात मला पूर्णपणे समजून घेणारा कंपनीच्या बाजूचा हा पहिला माणूस.

वर यंत्राने टोकन दिलं, ४७. फलकावर चालू होता १२. खोलीत मी एकटाच. पस्तीस अदृश्य माणसांची कामं उरकेपर्यंत मी बसून राहिलो. मग काउंटरवरच्या मुलीने हिंदीत सांगितलं की तपासणीचे पाचशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे पाचशे नव्वद आधी भरायचे. मी मराठीतच विचारलं, "किती दिवस लागतील?" ती हिंदीतच म्हणाली, "सात ते दहा वर्किंग डेज, सर." मग तिने अर्जावरचा पत्ता वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून मराठीत म्हणाली, "काका, इथे हा कोणी उघडत नाही. इथे फक्त पावती होते."

ती चिंचपोकळीची निघाली. खोटं बोलायला कंपनीने दिलेली भाषा वेगळी आणि खरं सांगायला घरची वेगळी, अशी तिची वाटणी होती. माझं तिच्याविषयी काहीही म्हणणं नाही.

"मग जातो कुठे?"

"सिस्टीममध्ये तुमचा कॉल आधीच ओपन आहे, काका. गुरगावला."

सामानाच्या यादीत तिने लिहिलं : कॅमेरा १, बॅटरी १, नाडी १. मनगटात अडकवायची ती काळी नाडी. पुढे तिचं महत्त्व वाढणार आहे.

एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला : आपली वस्तू यशस्वीरीत्या पोचती केली आहे, स्वीकारणारा : स्वतः. म्हणजे मी. मी फणसवाडीत पिठलं खात होतो आणि त्याच वेळी हरियाणात माझ्या सहीने कॅमेरा स्वीकारत होतो. पूर्वी हे फक्त योग्यांना जमायचं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत गिरगाव-दादर पट्ट्याची परंपरा खरं तर मोठी. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. फिल्म धुवायला विलायतेला पाठवली. बोटीने गेली, धुतली, परत आली आणि लोकांनी पाहिली. पत्ता बरोबर लिहिलेला असणार. दादासाहेब फाळक्यांची यंत्रं १९१२ च्या मेमध्ये मुंबईत पोचली, तेव्हा सोबत आलेल्या आकृतीवरून त्यांनी ती चार दिवसांत जुळवली. सरस्वतीबाई रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आमच्या गिरगावात कॉरोनेशनला लागला. या खटाटोपात फाळक्यांना कोणी टोकन दिल्याचं वाचनात नाही.

सव्विसाव्या दिवशी अंदाजपत्रक आलं : लेन्स युनिट बदलावं लागेल, साडेसात हजार अधिक जीएसटी, एकूण ८,८५०. खालीच दुसरी ओळ : सदर सुटा भाग आता बनत नाही. म्हणजे जी वस्तू अस्तित्वात नाही तिची किंमत ठरलेली होती आणि तिच्यावरचा करसुद्धा. तिसरी ओळ : नवा कॅमेरा घेतल्यास दहा टक्के सूट.

फोन केला. या वेळी बाई होत्या, फार गोड. "सर, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ," असं त्या चार मिनिटांत सहा वेळा म्हणाल्या. मी म्हटलं, "समजू नका, फक्त परत पाठवा." पाठवतो म्हणाल्या. फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला : आमच्या सेवेला एक ते दहापैकी किती गुण द्याल? मी दोन म्हणालो. पलीकडचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, नऊ से कम आया तो मेरा इन्सेन्टिव कटता है." आता त्या पोराने माझं काय घोडं मारलं होतं? नऊ दिले. कंपनीच्या भिंतीवर कुठेतरी माझे ते नऊ गुण आलेखात चढले असतील.

सौ. ग्राहक पंचायतीच्या जुन्या सभासद. तेल-डाळीपासून साबणापर्यंत पंचायतीचं सामान आमच्या जिन्यात वाटलं जातं, त्यामुळे 'ग्राहक राजा' हा शब्द त्या घरात वापरतात. "अहो, तक्रार ठोका. १९१५ ला फोन करा. आणि आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा नाही." सगळं बरोबर. पण आणखी एका हेल्पलाइनची सनई ऐकायची माझी ताकद उरली नव्हती, आणि दावा लावायचा तर पत्ता आला. माझा पत्ता कागदावर लिहायची मला आता भीती वाटते.

सेहेचाळिसाव्या दिवशी लोअर परळला कॅमेरा परत मिळाला. लेन्स तशीच अर्धी बाहेर, वर लाल स्टिकर : 'दुरुस्तीयोग्य नाही'. बॅटरी होती. नाडी नव्हती. "नाडी?" मी विचारलं. चिंचपोकळीच्या मुलीने यादी पाहिली, संगणक पाहिला आणि कसनुशी होऊन म्हणाली, "काका, नाडीचा वेगळा कॉल लॉग करावा लागेल."

तिथून तडक लालबागला, मेव्हण्याकडे. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून त्या बाजूची वाहनं करी रोडच्या पुलावर लोटली आहेत. त्यामुळे मी चालत गेलो आणि मला नाही म्हणालेल्या टॅक्सीच्या आधी भारतमाता सिनेमापाशी पोचलो. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना शिंका आल्या, चिवडा गल्लीत पाव किलो चिवडा घेतला. लालबागला रिकाम्या हाताने गेलं तर चालतं, लालबागहून रिकाम्या हाताने परतता येत नाही.

मेव्हण्याने सगळी हकिगत ऐकली आणि लालबागचं ठरलेलं वाक्य टाकलं, "पहिल्यांदा मला विचारायचं ना, भाऊजी!" सेहेचाळीस दिवस त्याला न विचारल्याचं दुःख त्याला कॅमेऱ्याच्या दुःखापेक्षा जास्त झालं. मग त्याच्या ओळखीच्या कारागिराकडे जायला दोघं बस पकडून दादर टीटीला उतरलो. ट्राम १९६४ साली गेली, तरी ट्राम टर्मिनसचं टीटी कोणी बदललं नाही आणि कोणी चुकतही नाही. दादासाहेब फाळके रोडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या आत, लोखंडी शिडी चढून पोटमाळा. याच रस्त्यावर, तो दादर मेन रोड होता तेव्हा, फाळक्यांचं बिऱ्हाड आणि स्टुडिओ होता. पोटमाळ्यावर मात्र फोटो होता तो साईबाबांचा.

माणूस साठीचा, बनियनवर, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्याच डब्यातले दोन पेचकस अजून चालतात म्हणाला. त्याने ना नाव विचारलं ना पत्ता. कॅमेरा कानाशी धरला, हलवला आणि विचारलं, "गणपतीत पाण्यात गेला होतात?"

गेलो होतो. २०११ च्या अनंत चतुर्दशीला, चौपाटीवर, गुडघाभर पाण्यात. फोटो एकच आला होता, तोही पुढच्या माणसाच्या मानेचा.

त्याने टेबलावर दुहेरी चिकटपट्टी लावली आणि कडेचे स्क्रू काढून ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तिच्यावर उभे चिकटवले. जोंधळ्याच्या दाण्याहून लहान, दोन जरा लांब, बाकी आखूड. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतली पट्टी फाटते म्हणाला. कवच उघडल्यावर मेव्हण्याने बोट पुढे केलं, तशी त्याच्या हातावर चापट बसली. "फ्लॅशचा कपॅसिटर आहे. बॅटरी काढली तरी तीनशे व्होल्ट धरून बसतो." तारेचं टोक लावून त्याने तो रिकामा केला. ठिणगी उडाली आणि मेव्हणा दोन पावलं मागे, म्हणजे जवळजवळ शिडीवर गेला. मग लेन्सच्या नळकांड्या एकातून एक निघाल्या, स्टीलच्या पेल्यांसारख्या. तिसरीच्या आतल्या खाचेत त्याने चिमटा घातला आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. वाळूचा एक कण.

एकच. चौदा वर्षं तो त्या खाचेत बसून होता. गुरगावला जाऊन आला, तपासणी झाली, त्याच्यापायी ८,८५० चं अंदाजपत्रक निघालं.

चाळीस मिनिटं, दोन कटिंग, सातशे रुपये. पावती नाही. बटण दाबलं आणि लेन्स सुळकन बाहेर आली. पहिला फोटो मेव्हण्याचा काढला. घामट, धुरकट, फ्लॅश तोंडावर. लेक खूश होणार हे तिथेच कळलं.

झालीही. फक्त आतली तारखेची बॅटरी मेली आहे, त्यामुळे लग्नाचे सगळे फोटो १ जानेवारी २००८ चे दिसतात. पोटमाळेवाला तीही तीनशे रुपयांत बदलून देतो म्हणाला होता. लेकीने सक्त ताकीद दिली आहे, "बाबा, त्याला हात लावायचा नाही."

पोटमाळ्याचा पत्ता कुणाला हवा असेल तर लालबागला मेव्हण्याला विचारा. मी सांगितलेला पत्ता कुठे पोचेल याचा नेम नाही. नाडी अजून गुरगावलाच आहे.