वाढत्या अंगाची स्लीपिंग बॅग

आमच्या आईने आयुष्यात कुठलीही वस्तू मापाची घेतली नाही. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे. रेनकोट तर असा, की त्यात मी, दप्तर आणि वेळ पडली तर धाकटा भाऊही मावावा. पाचवीत घेतलेला शर्ट मला आठवीत बरोब्बर यायचा, पण तोवर त्याची कॉलर विरून गेलेली असायची.

हे संस्कार अंगात मुरलेले. पंचेचाळिसाव्या वर्षी, ऐन डिसेंबरात हिमालयात केदारकंठाच्या ट्रेकला जायचं ठरलं आणि मी स्लीपिंग बॅग घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन मापं पुढे टाकली. एक साडेपाच फुटांपर्यंतच्या माणसाची, दुसरी सहा फुटांवरच्याची. किंमत सारखीच. माझी उंची पाच फूट तीन इंच. पण त्याच पैशांत फूटभर बॅग जास्त मिळत असताना लहान घ्यायची म्हणजे फूटभर पैसे दुकानात सोडून यायचे! मी मोठी उचलली. वर, ‘मोकळंढाकळं बरं असतं,’ असं दुकानदारालाच ऐकवलं.

पायथ्याच्या सांक्री गावाहून चढून मुक्कामाला पोचलो. भोवती बर्फ. रात्री बॅगेत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली. माझे पाय संपले तरी बॅग आपली चालूच. त्या उरलेल्या फूटभर जागेत गारठा पथारी पसरून बसला होता.

बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, हे तेव्हा कळलं. ऊब आपल्याच अंगाची. आतलं भरण फक्त हवा धरून ठेवतं आणि ती ऊब निसटू देत नाही. गोधडीचंही तेच. जागा जितकी मोकळी, तितकी जास्त हवा अंगाने तापवायची. म्हणजे मी रात्रभर घरच्या दोन शेगड्यांवर मंगल कार्यालयाचा स्वयंपाक करत होतो.

शेजारचा मित्र सहा फुटी. त्याने सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून आखूड बॅग घेतलेली. त्याचे खांदे आणि अंगठे आतून भरण दाबत होते. भरण दबलं की हवा जाते आणि उरतं नुसतं कापड. ‘पाय मुडपले तर चेन उसवते, सरळ केले तर अंगठे बधिर होतात,’ तो कण्हला.

रात्री दोनला दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं: बॅगा बदलू या! पण त्यासाठी आधी बाहेर यायला हवं. ‘तू आधी नीघ.’ ‘छे, तू आधी.’ या वाटाघाटी उजाडेपर्यंत चालल्या.

सकाळी गाइड हसून म्हणाला, ‘साब, पैरों की तरफ कल के सूखे कपड़े ठूँस देते!’ जागाही भरली असती आणि सकाळी कपडेही उबदार मिळाले असते.

तेव्हा बॅग घ्यायला जाल तर दुकानातच फरशीवर आडवे व्हा. चेन लावा, कूस बदलून पाहा. तळव्यांपुढे वीतभराहून जास्त जागा उरली तर ती बॅग तुमची नव्हे. आणि वाढत्या अंगाचीच घ्यायची हौस असेल, तर या वयात लांबी नव्हे, घेर बघा. चार गिऱ्हाइकं हसतील. हसू द्या, रात्री तंबूत कुडकुडायला ती येणार नाहीत.