मेथी आणताना पृथ्वी कशी वाचवावी

लागणारं साहित्य: एक कापडी पिशवी (लग्नात मिळालेली, दोन्ही घराण्यांची नावं छापलेली चालेल), जवळचं वाचायचा चष्मा, शनिवारची मोकळी सकाळ आणि अपराधी वाटून घेण्याची थोडीफार तयारी. शेवटची वस्तू घरात नसेल तर सरळ ॲपवरून भाजी मागवा, पुढचं वाचायची गरज नाही.

सर्वप्रथम पक्ष निवडा. पक्ष दोनच आहेत. सेंद्रियवाले म्हणतात, खतं-औषधं नकोत, मग माल सिक्कीमहून का येईना. ते राज्य २०१६ मध्येच संपूर्ण सेंद्रिय जाहीर झालंय. स्थानिकवाले म्हणतात, माल आपल्या सासवड-नारायणगावचाच हवा, मग परवा त्यावर काय फवारलं ते विचारू नका. पक्ष निवडण्याआधी अभ्यास करू नये. अभ्यासाने माणूस डळमळतो.

सेंद्रियवाले झाला असाल तर पाकीट उलटं करा आणि 'जैविक भारत'चं हिरवं चिन्ह शोधा. त्यामागे एकतर बाहेरच्या संस्थेची तपासणी असते, नाहीतर शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची केलेली. हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरायला दोन वर्षं लागतात, फळबागेला तीन. या काळात उतारा घटतो आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. हे कळल्यावर महाग पाकिटाबद्दल कुरकुर करायची असेल तर हळू आवाजात करा. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणी शून्य, असं कुणाला सांगत सुटू नका. निंबोळी अर्क असतो, दशपर्णी असतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही मर्यादेत चालतं.

स्थानिकवाल्यांनी मंडईत चौकशी करावी. नमुना संवाद पुढीलप्रमाणे.

"मावशी, मेथी कुठली?"

"मार्केट यार्डातली."

"तसं नाही, गाव कुठलं?"

"गावरानच आहे, घ्या. किती देऊ?"

इथे चौकशी संपते.

आता गणित. हे कागदावर करावं, कारण तोंडी केलं तर विश्वास बसत नाही. समजा मुळशीकडच्या एका शेतावर ताजी, सेंद्रिय आणि वर स्थानिक अशी मेथी मिळते. दोन्ही पक्षांचं समाधान. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देते (असं तुम्ही सांगता). दोन लिटर पेट्रोल जळलं, लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४.६ किलो. आता शिमल्याचं सफरचंद घ्या. दहा टनांचा ट्रक, अठराशे किलोमीटर, डिझेल लिटरला चार किलोमीटर. साडेचारशे लिटर डिझेलचे बाराशे किलो होतात. दहा हजार किलो मालावर वाटले तर किलोला १२० ग्रॅम. तुमच्या मेथीच्या एका फेरीच्या धुरात शिमल्याहून अडतीस किलो सफरचंदं पुण्यात उतरली असती. ट्रक रिकामा परत गेला असं धरा, तरी एकोणीस किलो.

हे फक्त आपल्या गाडीचं नाही. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी मांडली. अन्नापायी होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा निघाला जेमतेम सहा टक्के. बाकीचा बहुतेक बोजा शेतावरच तयार होतो: गुरांच्या पोटात, पाणी साचलेल्या भातखाचरात, खतात, जंगल तोडून काढलेल्या रानात. अपवाद विमानाचा. विमानाने आलेली फळं दुकानात दिसली तर खुशाल नाक मुरडा, तिथे तुम्ही बरोबर असाल.

सेंद्रियवाल्यांनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. जगभरच्या तुलना एकत्र केल्या तर सेंद्रिय शेतीचा उतारा सरासरीने एक-पंचमांश कमी भरतो. तेवढंच धान्य हवं तर जमीन जास्त लागणार, आणि ती कुठून तरी आणावी लागणार.

मग सेंद्रिय घ्यायचंच कशाला? इथे नवशिक्यांनी चेष्टा थोडी बाजूला ठेवावी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस आपण खात नाही हे मान्य, पण पाठीवर पंप घेणारा माणूस भाजीच्या रानातही असतोच. त्याची फुफ्फुसं, विहिरीचं पाणी, मातीतले जीव यांतलं काहीच कार्बनच्या तराजूत दिसत नाही. स्थानिकाचंही तेच. कोवळी पालेभाजी जवळून आली तर वाटेत सडत नाही, आणि आठवडे बाजारात पैसे थेट शेतकऱ्याच्या हातात पडतात. दोन्ही फायदे खरे आहेत. फक्त 'पर्यावरण' या एकाच खात्यावर जमा होत नाहीत.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी गूळ. पिवळाधमक नको, त्यात हायड्रॉस पावडर असण्याची शंका; काळपट घ्या, भेंडीच्या रसाने मळी काढलेला. घेतलात? सेंद्रिय आहे, कोल्हापूरचा आहे, दोन्ही पक्ष खूश. आता ऊस किती पाणी पितो ते आठवा. राज्यातल्या शेतजमिनीच्या एका लहानशा तुकड्यावर तो उभा असतो आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितो. डबा परत ठेवायची गरज नाही, चहात थोडा कमी घाला.

तर व्यवहारात काय करावं? ऋतूत येतं ते घ्या, चालत जा, लागेल तेवढंच आणा. पैसे असतील तर जास्त फवारणी सोसणाऱ्या मालापुरतं सेंद्रिय घ्या, द्राक्षांपासून सुरुवात करा. आणि आणलेली मेथी त्याच संध्याकाळी निवडायला बसा, नाहीतर फ्रीजच्या तळाशी काळी पडून ती कचरा डेपोत मिथेन सोडायला जाते. निवडायला घरातल्या सर्व पर्यावरणप्रेमींना हाक मारा. त्यांना नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन येतो.