महानगर वसवण्याची रीत (उद्ध्वस्त करण्यापूर्वी)

चार-पाच सज्ञान माणसे शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती जमतात, फासे काढतात आणि कुठेच नसलेल्या शहराच्या महापौराचे नाव काय असावे यावर दीड तास वाद घालतात. टेबलटॉप रोल-प्लेइंगवाले याला वर्ल्डबिल्डिंग म्हणतात. सुपरहिरोंच्या खेळात हे काम फार जोखमीचे. एकाला परग्रहावरून यायचे असते, दुसऱ्याला पुराणातून, तिसऱ्याला प्रयोगशाळेतल्या स्फोटातून, आणि चौथ्याने अजून काहीच ठरवलेले नसते. पण त्याला केप मात्र हवी असते. पुढील सूचना अशा मंडळींसाठी.

महापौराला थांबवावे. आधी शक्ती येतात कुठून, ते ठरवावे.

याचा धडा न्यू मेक्सिकोतल्या लेखकांच्या एका कंपूने घालून दिला आहे. 1983 साली जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना लेखकमित्र व्हिक्टर मिलान यांनी वाढदिवसाला ‘सुपरवर्ल्ड’ हा खेळ भेट दिला. मेलिंडा स्नॉडग्रास, वॉल्टर जॉन विल्यम्स अशी मंडळी टेबलाला चिकटली आणि लिखाण बाजूला पडले. एवढा वेळ घातलाच आहे तर त्याचे चार पैसे तरी व्हावेत, या उदात्त हेतूने 1987 मध्ये ‘वाइल्ड कार्ड्स’ या कथामालिकेचे पहिले पुस्तक निघाले. त्यात साऱ्या शक्तींचे मूळ एकच: 15 सप्टेंबर 1946 रोजी न्यूयॉर्कवर पसरलेला परग्रहावरचा विषाणू. शंभर जणांना लागण झाली तर नव्वद मरतात, नऊ विद्रूप होतात आणि एकाला शक्ती मिळते.

हा हिशेब पाठ करावा, कारण शहर त्यातूनच उगवते. नऊ विद्रूप माणसे म्हटली की त्यांना घर भाड्याने कोण देणार, हा प्रश्न आला. म्हणून मॅनहॅटनमध्ये ‘जोकरटाउन’ वस्ती आली. वस्ती आली की तिथले दवाखाने, गुंड आणि पुढारी आपोआप येतात. महापौरही येतो, आणि त्याच्यावर दीड तास घालवावा लागत नाही. एकाच विषाणूत प्रत्येकाची हौसही भागते. मार्टिन यांचा ‘टर्टल’ चिलखत चढवलेल्या फोक्सवॅगनमध्ये बसून मनाच्या ताकदीने वस्तू हलवतो. रॉजर झेलाझ्नी यांचा नायक प्रत्येक झोपेनंतर नवे रूप आणि नवी शक्ती घेऊन उठतो. आपल्या नायकाची गोष्ट या विषाणूत बसतच नाही, असे कोणी म्हणाल्यास त्याला शांतपणे झेलाझ्नींकडे बोट दाखवावे.

यानंतर बंदीची यादी. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’ (2011) या खेळात सुरुवातीलाच दोन रकाने भरतात: एकात एरवी कोणी गृहीत धरले नसते पण इथे चालेल ते, दुसऱ्यात हटकून येईल असे वाटते पण इथे मुळीच येणार नाही ते. कालप्रवास दुसऱ्या रकान्यात गेला, की मेलेला खलनायक आठवड्याने परत येण्याची एक वाट बुजते. याच खेळाचा दुसरा नियम मात्र गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाचून दाखवावा इतका मोलाचा आहे: ज्याची पाळी, त्यानेच ठरवायचे, बाकीच्यांनी सूचना करायच्या नाहीत. सहकार्याने जग उभारण्याचा सर्वांत चांगला नियम सहकार्याला आवर घालणारा निघावा, हे चळवळ्या माणसांना रुचणार नाही. तरी तो पाळावा.

नायक रंगवताना गुणांपेक्षा दुखणी आधी मागावीत. ‘चॅम्पियन्स’ (1981) या खेळात कमकुवत बाजू पत्करल्या की शक्ती विकत घ्यायला जास्तीचे गुण मिळतात. सांभाळावी लागणारी म्हातारी आत्या चालते, आणि मागे लागलेला वैरीसुद्धा. वैरी क्वचितच येणारा निवडला असेल, तर तीन फाशांची बेरीज आठ किंवा त्याहून कमी आली की तो हजर, म्हणजे साधारण चारात एकदा. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला फुकटात खलनायक मिळतो, आणि खेळाडू स्वतःच घरात आणलेल्या शत्रूबद्दल तक्रार करू शकत नाही. ‘व्हिलन्स अँड व्हिजिलान्टीज’ (1979) या खेळाचा मार्ग मात्र जपून धरावा. तिथे खेळाडू स्वतःचीच भूमिका करतो आणि त्याची ताकद व बुद्धी किती, याचा अंदाज टेबलावर चारचौघांत बांधला जातो. मैत्री जुनी असेल तरच.

आता शहर पाडायला हरकत नाही. ‘मास्क्स’ (2016) हा खेळ हॅल्सियन सिटीतल्या किशोरवयीन नायकांचा. चमू पहिल्यांदा एकत्र आला तेव्हा काय घडले, हे खेळाडूंनीच सांगायचे. एकाला तर थेट विचारतात, मारामारी कुठे झाली आणि तुम्ही काय काय उद्ध्वस्त केले? या प्रश्नाला पूल, स्टेडियम अशी मोघम उत्तरे स्वीकारू नयेत. पूल पडला असेल तर कोणत्या दोन वस्त्यांमधला, आणि आता कामाला जाणारी माणसे किती लांबून वळसा घालतात, तेही लिहून घ्यावे. पुढच्या तीन शनिवारांची कथा त्या वळशातच सापडते.

राहता राहिली मालकी. ‘वाइल्ड कार्ड्स’मध्ये दुसऱ्याचे पात्र वापरायचे तर निर्मात्याची संमती लागते, आणि त्याला मोबदलाही मिळतो. घरगुती खेळात मोबदला म्हणून भजी चालतील, संमती मात्र घ्यावीच. कोणाच्या आत्याला परस्पर मारू नये. एखादी कल्पना सर्वांनी नाकारली, तर ती सुचवणाऱ्याकडे परत करावी. 1987 च्या सुमारास नील गेमन या नवख्या इंग्रज लेखकाने मार्टिन यांना स्वप्नांच्या जगात राहणारे एक पात्र सुचवले होते. नावावर फारसे काही नसलेल्या माणसाला घ्यायचे कसे, म्हणून मार्टिन यांनी नकार दिला. गेमन ती कल्पना घेऊन गेला आणि डीसी कॉमिक्सने ‘द सँडमॅन’चे 75 अंक काढले.