जंगम मालमत्तेचे नाना

नानांकडे चहाला गेलात तर कप रिकामा झाल्यावर जरा उलटा करून पाहा. बुडाशी नेलपॉलिशने ‘क-14’ असं लिहिलेलं सापडेल. क म्हणजे काचसामान. नेलपॉलिश अर्थातच वहिनींचं, आणि त्याचीही नोंद ‘किरकोळ’ या सदरात आहे.

घराला आग लागली, पूर आला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारणार, “काय काय होतं?” या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी नाना जगतात. याचं मूळ पानशेतात आहे. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि त्यांच्या वडिलांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं. वडील पुढे जन्मभर गेलेल्या वस्तूंची नावं घेत, आणि दर पावसाळ्यात त्यात एखादा बंब, एखादी पितळी परात वाढे. शेवटी शेवटी तर त्या दोन खोल्यांतून शिसवी झोपाळाही वाहून जाऊ लागला. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे खोडून काढायचीही सोय नव्हती.

नानांचं सगळं लेखी, एका वहीत. वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, पावती, फोटो आणि सध्याची अवस्था. या शेवटच्या रकान्यात नानांमधला साहित्यिक जागा होतो. ‘मिक्सर : ओरडतो, पण वाटतो.’ ‘भिंतीवरचं घड्याळ, सासुरवाडीकडून : चालत नाही, काढताही येत नाही.’

स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, तेव्हा तो विभाग झटपट उरकेल असा त्यांचा अंदाज होता. पण मांडणीवरच्या निम्म्या भांड्यांवर दुसऱ्यांचीच नावं निघाली. कुणी आमटी घालून पाठवलेली वाटी, कुणाच्या डोहाळजेवणातून आलेला डबा. सर्व्हेअरने नुसती भांडी वाचली असती तर नाना त्या घरात पाहुणे ठरले असते. आमचं एक पातेलंही त्यात होतं. ते परत देताना त्यांनी माझी ‘जावक’ खाली सही घेतली.

घोडं अडलं साड्यांपाशी.

“ही कितीची?”

“आठशेची.”

“पावती?”

पावतीवर कितीचा आकडा होता हे वहिनी आणि दुकानदार जाणोत. खरी किंमत सांगावी तर घरातच आग लागणार, आठशे सांगावी तर कंपनी आठशेच देणार. वहिनींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “अहो, साड्या जळणार नाहीत. तुम्ही पुढचं लिहा.”

मग एजंट आला. तरुण पोरगा. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी आहे, म्हणाला. तीत घराचा विमा उतरवला की घरातलं साधं सामान घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं. “यादी द्यायची गरज नाही काका!” ही गोष्ट त्याने आनंदाची बातमी म्हणून सांगितली, बिचाऱ्याने. नानांचा चेहरा पाहून तो गडबडला. दाव्याच्या वेळी पावत्या-फोटो उपयोगी पडतातच, दागिने आणि चांदीच्या भांड्यांसाठी जादा संरक्षण घेता येतं, त्याची यादी मात्र लागेल, असं काहीबाही तो सांगत राहिला. चांदीवर नाना किंचित सावरले.

रात्री त्यांनी पॉलिसीचा बारीक टाइप भिंग घेऊन वाचला. (हे भिंग : स-7.) काय भरून मिळणार नाही, त्यात नाणी, नोटा, वाहनं होती, ते त्यांना पटलं. पुढे हस्तलिखितं आणि सर्व प्रकारची कागदपत्रंही होती. म्हणजे चहाच्या गाळणीलासुद्धा संरक्षण, आणि अनुक्रमांक 1 ला, खुद्द त्या वहीला, नाही!

सकाळी सातला आमची बेल वाजली. नाना वहीची झेरॉक्स घेऊन उभे. एक प्रत दुसऱ्या घरात असलेली बरी, म्हणाले. मी ‘आवक’ खाली सही केली. ते वळले आणि माझ्या खांद्यावरून आत बघत त्यांनी विचारलं, “हा सोफा कोणत्या सालचा?”